ज्या खात्यावर 'नाही' म्हणायची मनाई होती

सभापतिमहाराज अण्णासाहेब ताम्हणे, कल्याणहून तसदी घेऊन आलेले सन्मान्य पाहुणे वकीलसाहेब, आजचे सत्कारमूर्ती महिपतराव खारकर, कारखान्यातले सुतार, लोहार, रंगारी आणि कारकून बंधू, बाळकुमपासून खडवलीपर्यंतच्या गावांहून आलेले गाडीवाले, आणि समोरच्या माडीच्या खिडक्यांशी बसलेला मातृवर्ग, आपणां सर्वांना बाळकृष्ण टिपणिसाचा सादर नमस्कार.

मला बोलायला उभे केले आहे ते सामानाच्या खात्यातर्फे. आमच्या खात्यात माणसे तीन. एक आज निरोप घेत आहेत. दुसरे गणू हमाल. 'मी बोललो तर मंडळी उठून जातील' असे सांगून त्यांनी अंग काढून घेतले. उरलो मी. शिवाय दोन वर्षे मुंबईच्या कॉलेजात काढली, म्हणजे याला बोलता येत असणार, अशी अण्णासाहेबांची समजूत. दोन वर्षांत कॉलेज सोडले, म्हणजे याला काय डोंबल येत असणार, ही आमच्या तीर्थरूपांची समजूत. दोघांत बरोबर कोण, हे आपण थोड्या वेळाने ठरवावे.

पाहुण्यांना कदाचित ठाऊक नसेल म्हणून सांगतो. ताम्हणे आणि मंडळींच्या या गाडीखान्याला दोन दारे आहेत. पुढच्या दाराने नवी शिग्रामे, टांगे, दमण्या बाहेर पडतात. झेंडूच्या माळा, नारळ, पेढे, सगळे त्या दाराशी. मागच्या गल्लीतले दार आमचे. तिथे एक लांब फळी आहे आणि फळीमागे चाके, आरे, चाकांवर चढवायच्या लोखंडी धावा, कमानी, चाके जोडणारे कणे, खिळेमोळे. नवी गाडी घेणारा हसत येतो. आमच्या दाराशी येणारा हसत येत नाही. त्याची गाडी कुठेतरी रस्त्यात एका अंगावर पडलेली असते, बैल सोडून झाडाला बांधलेले असतात, आणि तो मोडका तुकडा फडक्यात गुंडाळून चालत आलेला असतो.

अशा माणसाला आमच्या खात्यावर काय मिळते? आधी बाकडे. मग पाण्याचा तांब्या. मग पानाचे तबक. आणि मग महिपतराव विचारतात, 'पवळ्याचा खूर बरा झाला का?' बैलाचे नाव. माणसाचे नाव लक्षात ठेवणारे दुकानदार पुष्कळ असतील. गिऱ्हाइकाच्या बैलांची नावे तोंडपाठ असलेला मनुष्य मी दुसरा पाहिलेला नाही. कुणाची सून बाळंत झाली, कुणाच्या घराची कौले यंदा चाळायची राहिली, सगळे त्यांना ठाऊक. ते विचारतात तेव्हा खोटे विचारत नाहीत. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे बोलणार आहे ते ऐकून आपल्याला वाटेल की मी या माणसाला लबाड म्हणतो आहे. मी तसे म्हणत नाही. तसे म्हणता आले असते तर तीन वर्षे झोप तरी लागली असती.

माझ्या पहिल्याच दिवसाची गोष्ट. टिटवाळ्याचा एक टांगेवाला कमानीचे पान मागायला आला. ते नव्हते. मी म्हटले, 'नाही.' महिपतरावांनी मला आतल्या खोलीत बोलावले. रागावले नाहीत. ते रागावल्याचे इथे बसलेल्यांपैकी कुणी पाहिले आहे काय? खांद्यावर हात ठेवून म्हणाले,

'बाळ, ह्या फळीवर तो शब्द काढायचा नाही.'

'पण रावजी, माल नाहीये.'

'नाहीये हे आपल्याला ठाऊक. त्याला कशाला दुखवायचं? येतंय म्हणावं. वाटेत आहे म्हणावं. उद्या या, तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवतो म्हणावं. बघ, माणूस कसा आनंदानं जातो ते.'

आणि खरेच, तो टांगेवाला आनंदाने गेला. जाताना त्याने मला राम राम केला, आणि मला वाटले, कॉलेजात दोन वर्षांत जे कुणी शिकवले नाही ते मी एका सकाळी शिकलो.

दुकानात नकार उच्चारला की लक्ष्मी रुसते, ही समजूत व्यापारी मंडळींत जुनी आहे. अण्णासाहेबांच्या वडिलांपासून या गाडीखान्यात ती पाळतात. परंतु पुढच्या दाराला ती नुसती समजूत होती. मागच्या दाराला महिपतरावांनी तिची विद्या केली. सव्वीस वर्षांत त्यांच्या तोंडून त्या फळीवर तो शब्द निघाला नाही. मघाशी मानपत्र वाचले गेले, त्यातही हेच लिहिले आहे आणि आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मसुदा माझाच होता.

आता सभापतींची परवानगी घेऊन थोडे घरचे बोलतो. निरोपाच्या सभेत घरचे बोलण्याची रीत आहेच.

अठराशे पंचाऐंशीच्या सुमारास मी मुंबईहून सुटीला ठाण्याला मावशीकडे येत असे. मावशीच्या यजमानांचा टांगा होता, त्याचे काही ना काही मोडत असे, आणि त्यासाठी मला या खात्यावर पाठवत. विलायतेहून आलेल्या कमानी आणि धावा तिकडच्या जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या असत. ते कागद गणू विस्तवाला वापरीत असे. एके दिवशी मी पाहिले, तर महिपतराव ते कागद हाताने सपाट करून ठेवत होते. मी विचारले. म्हणाले, 'घरी लागतात. मुलगी इंग्रजी शिकते आहे. तुम्ही कॉलेजातले, कठीण शब्दांचे अर्थ कडेला लिहून द्याल का?'

ही त्यांची कन्या. बालपणीच वैधव्य आलेली. माझ्याहून एक वर्षाने मोठी. त्यांचे नाव मी या सभेत घेणार नाही. ठाण्यात ते सर्वांना माहीत आहे आणि ज्यांना माहीत नाही त्यांना ते माझ्या तोंडून कळायला नको.

मी शिसपेन्सिलीने अर्थ लिहू लागलो. कागद त्यांच्या घरी कामाला असलेली सखुबाई नेत असे, चार दिवसांनी परत आणत असे, आणि चुकलेल्या अर्थाखाली नखाने ओढलेली रेघ असे. गृहस्थहो, माझे अर्थ चुकतात हे मला कॉलेजातल्या गोऱ्या प्रोफेसरांनीही इतक्या सभ्यपणे सांगितले नव्हते. वर्षभरात आमचे बोलणे एकदाच झाले. मी फळीशी उभा होतो, त्या गल्लीपलीकडे आपल्या घरच्या अंगणात वाळवण उचलायला आल्या होत्या. म्हणाल्या,

'अक्षर फार घाईचं आहे तुमचं. वाचता येत नाही.'

'कॉलेजात सगळे असंच लिहितात.'

'मग कॉलेजात कुणालाच वाचता येत नसेल.'

एवढेच. त्या आत गेल्या. मी त्या दिवशी मावशीकडे चुकीच्या मापाचे आरे घेऊन गेलो.

त्याच थंडीत येथील वाचनालयात महिपतरावांचे पुनर्विवाहावर व्याख्यान झाले. आपल्यापैकी पुष्कळजण तेथे होते. मी पहिल्या ओळीत होतो. 'ज्याच्या घरात हे दुःख आहे त्यानेच प्रथम पाऊल टाकले पाहिजे' हे त्यांचे वाक्य मला अजून पाठ आहे. मी टाळ्या वाजवून हात लाल करून घेतले, आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन सरळ मागणी घातली. माझा स्वभाव आपण जाणता. थांबणे मला ठाऊक नव्हते. ते मी पुढे शिकलो, याच गाडीखान्यात.

महिपतरावांचे डोळे भरून आले. खरोखर भरून आले. म्हणाले, 'बाळ, घर तुमचंच आहे. तुमच्यासारखा मुलगा दिवा लावून शोधला तरी मिळायचा नाही. मार्गशीर्ष तेवढा उलटू द्या.' आणि एक वचन मागितले. ठरेपर्यंत कागदाच्या कडेला शब्दार्थापलीकडे एक अक्षरही लिहायचे नाही. मी वचन दिले. यात गैर काय होते? बापाने असे वचन मागावे, आणि सभ्य मुलाने ते द्यावे.

मी कल्याणला गेलो आणि वडिलांना सांगितले. वडील म्हणाले, 'त्यांनी होकार दिला आहे का?' मी म्हटले, 'घर तुमचंच आहे असं म्हणाले.' वडील म्हणाले, 'मी होकाराबद्दल विचारलं.' ते जुन्या चालीचे गृहस्थ आहेत. मला त्या दिवशी ते दगडाचे वाटले. मी नाही नाही ते बोललो. त्यांनी दरवाजा दाखवला, माझ्या कॉलेजाची सोय बंद केली, आणि मी ट्रंक घेऊन ठाण्याला आलो. महिपतरावांनी मला जवळ घेतले, अण्णासाहेबांकडे शब्द टाकला आणि फळीमागे उभे केले. मी मनात म्हटले, वडील कोण आणि परके कोण, हे आज कळले.

मार्गशीर्ष उलटला. मग म्हणाले, संक्रांत होऊ दे. मग त्यांच्या एका मेहुण्याचे मन वळवायचे होते. मग नाशिकच्या काकांना पत्र गेले होते, उत्तर वाटेत होते. मी विचारले की पाठीवर हात पडे, घरून डबा येई, आणि मी आनंदाने परत फळीवर जाई. मला मोठा ताप आला तेव्हा हाच मनुष्य तीन दिवस माझ्या उशाशी बसला होता, माझ्या कपाळावर स्वतःच्या हाताने घड्या ठेवीत होता. सांगा, अशा माणसाला 'होय की नाही' असे कोण विचारील? कोणत्या तोंडाने?

अण्णासाहेब घड्याळाकडे पाहत आहेत. त्यांचा तो अधिकार आहे. मी फार वेळ घेणार नाही. एक गिऱ्हाईक तेवढे राहिले आहे.

बाळकुमचे धाकूशेठ. ते मागे खांबाशी उभे आहेत, आजचा हार त्यांनीच आणला. गेल्या वर्षापर्यंत मिठागरावरचे मीठ ठाण्याच्या स्टेशनावर पोहोचवण्याचे काम त्यांच्या गाडीला होते. मिठागराचा हंगाम केवढा असतो हे बाळकुमकरांना सांगायला नको. पावसाआधी मीठ उचलले तर उचलले. ऐन चैत्रात त्यांच्या गाडीचा लोखंडी कणा मोडला. ते फडक्यात तुकडा घेऊन आले. महिपतरावांनी पवळ्याची चौकशी केली, पान दिले आणि सांगितले, 'वाटेत आहे. उद्या या.'

दुसऱ्या दिवशी महिपतराव कल्याणला गेले होते. मी सांगितले, 'वाटेत आहे, उद्या या.' तिसऱ्या दिवशी सांगितले. चौथ्या दिवशी धाकूशेठ हसून म्हणाले, 'तुमचा उद्या लय लांब रातो वाटतं, मास्तर.' मीही हसलो. आमच्या खात्यावर हसण्याला कमतरता नव्हती.

आम्हाला माल पुरवणाऱ्या मुंबईच्या पेढीला जाणारी इंग्रजी पत्रे कोण लिहितो? मी. त्या मापाचा कणा आम्ही आता आणीत नाही, असे पेढीने माघातच कळवले होते. ते पत्र कुणी वाचले? मीच. आणि तरीही 'वाटेत आहे' हे मी धाकूशेठना दहा वेळा सांगितले, पाण्याचा तांब्या पुढे करून. महिपतरावांनी सांगितले एकदा. बाकीचे दहा माझे आहेत. ते मी कुणाच्या माथी मारत नाही.

बाराव्या दिवशी ते आले ते बाकड्यावर बसले नाहीत. पानही घेतले नाही. माझ्याकडे बघत राहिले आणि एकाएकी विचारले,

'मास्तर, तुमचा लगीन कंदी?'

'ठरतंय.'

'कंदीपासून ठरतंय?'

'दोन वर्षं झाली.'

'कोन सांगतो ठरतंय म्हनून?'

मी नुसते आतल्या खोलीकडे पाहिले. तेथे महिपतराव कुणाला तरी फार प्रेमाने पान लावून देत होते. धाकूशेठनीही तिकडे पाहिले. मग फडक्यातला तुकडा पुन्हा गुंडाळीत म्हणाले, 'मंग तुमचा पन कना वाटंतच हाय.'

मी त्यांच्यामागे गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. त्यांना खरे काय ते सांगितले. ते रागावतील, शिवी देतील, असे वाटले होते. ते म्हणाले, 'ये पयल्या दिशी सांगितला असतास त कल्यानला गेलो असतो. तिथला मेस्तरी चार दिसांत लाकडाचा कना करून देतो. आता क्याला? मिठाचा काम कलव्याच्या मानसाला गेला.' आणि मग म्हणाले, 'रावजी मानूस वाईट नाय रे. त्याला तोंडावर नाय बोलवत नाय.' त्या चैत्रानंतर त्यांची गाडी दाराशी उभी राहिली ती राहिली. बैल विकले. आज ते मिठागरावर डोक्यावरून टोपल्या वाहतात. पवळ्या आता कुणाच्या दाराशी आहे ते महिपतरावांना नक्की माहीत असेल. ते अजून त्याची चौकशी करतात.

कुणीतरी 'खाली बस' म्हणाले ते मी ऐकले. बसणार आहे. माझी खुर्ची तिसऱ्या रांगेत आहे, पळून जाणार नाही.

त्या दिवसापासून मी रोज ठरवीत होतो की आज विचारीन. एवढ्यात यंदा महिपतरावांनी कामातून मोकळे होण्याचा अर्ज दिला. नाशिकला काकांकडे कायमचे राहायला जायचे ठरले. घरात बांधाबांध सुरू झाली. मी विचारले, 'रावजी, माझं काय?' म्हणाले, 'तुझंच आहे रे सगळं. नाशिकला पोचलो की पत्र टाकतो.'

गेल्या सोमवारी सखुबाई सामान बांधायला काथ्या मागायला फळीवर आली. काथ्या हातात घेऊन घुटमळत उभी राहिली.

'एक इचारू का?'

'विचार.'

'तुमचा निरोप येनार व्हता, त्याचं काय झालं?'

'कसला निरोप? कुणाला?'

'आता बघा. ताई इचारतात. रावजी त्यास्नी तीन वर्सं सांगत्यात, मुलगा चांगला हाय, पन त्याच्या मनाचं अजून ठरत नाय. वडलांच्या भीतीत हाय. निरोप येईल म्हनत्यात.'

सभ्य गृहस्थहो, मी त्या फळीवर हात टेकून उभा होतो. मला आधी रागही आला नाही. माझ्या डोक्यात एवढेच आले की या माणसाने दोन्हीकडे एकच वाक्य सांगितले, आणि दोन्हीकडे आम्ही ते आनंदाने घेऊन गेलो. मी वचन पाळून कडेला अर्थ लिहीत होतो. त्या वचन पाळून चुकांखाली रेघा ओढीत होत्या. त्यांच्याकडूनही तसेच वचन घेतले होते, हे मला सोमवारी कळले. दोघेही इतके खरे वागलो की त्यामुळेच फसलो. जरा कमी सभ्य असतो, एका कागदाच्या कोपऱ्यात एक शब्द जास्त लिहिला असता, तर तीन वर्षे वाचली असती.

मी त्याच संध्याकाळी महिपतरावांकडे गेलो. सखुबाईने सांगितलेले सगळे त्यांच्यापुढे मांडले. म्हटले, 'आज हो म्हणा किंवा नाही म्हणा.' ते उठले. पान लावू लागले.  चुना सांडला. म्हणाले, 'बाळ, नाही कोण म्हणतंय?' मी म्हटले, 'कुणीच म्हणत नाही, तेच तर.' सांडलेला चुना बोटाने पुसत ते म्हणाले, 'मी हो म्हटलं तर उद्या माझ्या दारात कोण पाणी प्यायला येईल? आणि नाही म्हटलं तर वाचनालयात कोणत्या तोंडानं उभा राहू?'

तीन वर्षांत हे पहिले खरे वाक्य. मला त्यांची दया आली. अजून येते. बहिष्काराची भीती काय असते हे मलाही कळते. वडिलांच्या त्याच भीतीपायी मी घर गमावले आहे. पण दया आली म्हणून मला उत्तर मिळाले नाही. त्या संध्याकाळी मी परत निघालो तेव्हा दारापर्यंत येऊन ते म्हणाले, 'उद्या बोलू.'

आता आपण म्हणाल, असा मनुष्य, असा दिवस, आणि हा तरुण भरसभेत कुणाच्या घरचे वेशीवर टांगतो आहे. रास्त आहे. मी जे करतो आहे त्याने एका स्त्रीचे नाव, घेतले नाही तरी, उद्या नाक्यानाक्यावर घेतले जाईल. म्हणून आज सकाळी मी सखुबाईकडून विचारणा केली. कागदावर नाही, वचन अजून पाळतो आहे. तोंडी. 'सभेत बोलू का? नको म्हणालात तर मानपत्राचे चार शब्द बोलून खाली बसतो.' मला वाटले होते, उत्तर यायला संध्याकाळ होईल. सखुबाई पाणी भरून परत आली तेवढ्यात उत्तर घेऊन आली.

'ताई म्हनतात, बोला. मोठ्यानं बोला. आमची खिडकी लांब हाय.'

त्या घरात सरळ उत्तर देणारे माणूस एक आहे, आणि त्यांना आजवर कुणी विचारले नव्हते. मीही नाही. मी त्यांच्या वडिलांना विचारत राहिलो. हा दोष संपूर्ण माझा आहे, आणि त्याची क्षमा मी या सभेकडे मागत नाही, समोरच्या माडीकडे मागतो.

तेव्हा आता मोठ्याने बोलतो. माझ्याकडून जो निरोप यायचा होता तो असा. माझे मन ठरलेले आहे. ते पंचाऐंशीच्या थंडीत ठरले आणि त्यानंतर एक दिवसही डळमळले नाही. वडिलांची भीती नाही. त्यांनी मला टाकले ते याच कारणाने. मंत्र म्हणायला मुंबईचे एक शास्त्रीबुवा तयार आहेत. लोक जेवायला येणार नाहीत याची मला कल्पना आहे. तेवढा स्वयंपाक कमी करावा लागेल.

हे मी वाचनालयात बोलायला हवे होते, म्हणजे कदाचित टाळ्या पडल्या असत्या. इथे पडत नाहीत. चालेल.

सभापतींनी कालच मला बोलावून सांगितले की उद्यापासून खाते माझ्याकडे. मी त्यांचा आभारी आहे. पण त्यांना एक कळवले पाहिजे. आज सकाळी खडवलीचा एक गाडीवाला जुन्या मापाची धाव मागायला आला. मी त्याला बाकडे दिले, पाणी दिले, त्याच्या बैलांची नावे विचारली, आणि मग सांगितले, 'हे माप आमच्याकडे नाही, आता येणारही नाही. कल्याणच्या बाजारात लोहाराकडे जा, तो तापवून बसवून देईल.' तो तांब्या खाली ठेवून लगेच निघाला. रागावला नाही. सूर्य डोक्यावर यायच्या आत पोचायचे होते त्याला. अण्णासाहेब, लक्ष्मी रुसली असेल तर मला आजच काढून टाकावे. हे काम मला दुसऱ्या तऱ्हेने जमायचे नाही.

महिपतराव, आता तुमच्याशी. माझ्यानंतर तुम्ही सत्काराला उत्तर देणार आहात. ते गोड असेल. तुम्ही धाकूशेठचे नाव घ्याल, गणूचे घ्याल, बहुधा माझेही घ्याल, आणि माझ्यावर रागावणार नाही. कृपा करून आज तसे करू नका. हवे तर रागवा. तुमचे मीठ खाल्ले आहे, तुमच्या हातची घडी कपाळावर घेतली आहे. तुमचा राग सोसण्याची माझी तयारी आहे. पण उत्तराचा पहिला शब्द तेवढा सरळ असू द्या. कोणताही असो.

उद्या सकाळच्या गाडीने तुम्ही नाशिकला निघणार. स्टेशनावर न्यायला दमणी मी सांगून ठेवली आहे, माझ्या हाताने तिची धाव आणि कणा तपासून घेतला आहे. गाडीवाला मघापासून मला एकच विचारतो आहे की बसणारी माणसे तीन, की रावजी आणि सखुबाई अशी दोनच. त्याला मी अजून काही सांगितलेले नाही. इथून खाली उतरलो की सांगायचे आहे.

मंडळी, आपण एवढा वेळ बसून राहिलात, मध्ये उठून गेला नाहीत, याबद्दल ऋणी आहे. सत्काराच्या दिवशी शोभणार नाही असे पुष्कळ बोललो. जे खोटे वाटले असेल त्याचा जाब मला अवश्य विचारावा, आणि जे नुसतेच कडू लागले असेल ते माझ्या वयाच्या पदरी टाकून पोटात घालावे. सभापतिमहाराज, सत्कारमूर्तींना बोलू द्यावे. मी बसतो.